प्रोग्राम आज का बसून राहिला

सोमवार संध्याकाळ, नांदेड

क्रिप्टोची खरेदी-विक्री करणारा माझा प्रोग्राम आज दिवसभर गप्प. भाव उतरला की थोडं घ्यायचं, एवढंच त्याचं काम. भाव उतरला, पण यानं काहीच घेतलं नाही. कॉलेजातून आल्यापासून दोन तास तेच. प्रोग्राम ज्या तयार कोडवर चालतो ती लायब्ररी पुन्हा टाकली, क्रिप्टो एक्स्चेंजची पासवर्डसारखी की बदलली, नेट तपासलं. कॉम्प्युटर शिकवते मी, आणि माझाच प्रोग्राम ऐकेना.

मामा, म्हणजे माझे सासरे, याला जुगारच म्हणतात. हो म्हणाले ते एका अटीवर, "अमावस्येला नवा व्यवहार न्हाई." लायब्ररीत अमावस्या कुठून असणार? भिंतीवरच्या कॅलेंडरातले काळे गोल बघून तारखा मीच प्रोग्राममध्ये टाइप केल्या होत्या, त्या दिवशी खरेदी बंद.

आणि साफ विसरले.

चहा पिता पिता मामांनी कॅलेंडरकडे बोट केलं. आजच्या तारखेवर काळा गोल. मला हसूच आवरेना. एवढा ठळक गोल, आणि मी चूक कुठं शोधून राहिले होते?

मामा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. "गुणाचा हाय. तुला याद न्हाई, त्याला हाय." मग, "उद्या किती वाजता उठतो आपला प्रोग्राम?"

आपला, म्हणाले.