पितळी साच्याचा वारस

मी, बुधाजी सोनू राऊळ, वय वर्षे चौसष्ट, मूळ गाव कुडाळकडचे, सध्या राहणार कॉटन ग्रीन येथील चाळीत, दुसरा मजला, खोली एकोणीस, पूर्वी कापड गिरणीच्या वर्कशॉपात फिटर, हे मृत्युपत्र स्वतः बसून लिहीत आहे. छाती अधू झाली आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे, कारण म्हाताऱ्याला भ्रम झाला होता असे म्हणणारे कोणीतरी निघेलच.

पहिली गोष्ट. गेल्या फेब्रुवारीत मी तापात असताना माझा पुतण्या माधव याने रेशनकार्डासाठी म्हणून एका कागदावर माझी सही घेतली. तो कागद मी वाचला नाही, नंतर मागितला तर सापडला नाही. तो खरोखर रेशनकार्डाचा असेल तर उत्तम. दुसरे काही असेल तर ते मी येथे रद्द करतो. यापूर्वी केलेले, करवून घेतलेले सर्व कागद रद्द.

दुसरी गोष्ट, गावचे घर. त्यातील माझा हिस्सा माधवला द्यावा. तो त्याच्या आजोबांचा आहे, त्यात माझी मेहेरबानी नाही. त्याने माझ्या परसातला फणस तोडू नये. तोडणार हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

तिसरी गोष्ट पितळी साच्याची, आणि ती सांगायला मागचे थोडे सांगावे लागेल.

शिवडीच्या खाडीत एक मासा मिळतो. डोके परातीसारखे चपटे, रंग चिखलाचा. चिखलात अंग पुरून नुसते डोळे वर ठेवतो आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर काय वाहत येते त्याची वाट बघत बसतो. आम्ही त्याला चपटा म्हणतो. गालाजवळ काटे असतात, हात लावताना जपावे लागते. कोळंबीने तो कोणीही धरील. पण १९५३ साली गोदीच्या धक्क्यावर एका परदेशी खलाशाने मला मऊ प्लास्टिकचे दोन किडे दिले. गळात ओवून, पुढे शिशाची गोळी लावून तळाशी टाकायचे आणि टिचकी मारत ओढायचे. पडले, उठले, पडले. चपट्याला वाटते जिवंत आहे. मी त्या किड्यावरून पितळेत साचा कोरला. तीन महिने लागले. परळच्या एका खेळण्यांच्या कारखान्यातून मऊ प्लास्टिकचे तुकडे आणून पळीत वितळवायचे आणि ओतायचे. असा साचा मुंबईत दुसरा नसावा, म्हणून तो कुलपात असतो.

खाडीवर मासे धरण्यात माझा जोडीदार एकच, शामराव भिवा खैरे. आमच्याच गिरणीत रिंग खात्यात, सूतकताईवर होता. त्याच्या जातीच्या माणसांना विणाईत घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. मी फिटर, सगळ्या खात्यांत फिरे, म्हणून ओळख झाली. गिरणीत त्यांचा पाण्याचा पिंप वेगळा होता. खाडीवर आम्ही एकाच तांब्याने पाणी प्यायलो, वीस वर्षे. माझ्या भावकीला हे आवडत नसे. माधव तेव्हा माझ्याकडेच राहायचा, त्यालाही.

जानेवारी १९५६. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे जाहीर झाले आणि शहर पेटले. गिरण्या बंद, जागोजाग गोळीबार, संचारबंदी. घरी बसून जीव गुदमरला, म्हणून सकाळी सवलत मिळताच आम्ही दोघे शिवडीला गेलो. मोठा चपटा लागला. त्याला ओढण्याच्या नादात मी बांध सोडून खाली उतरलो आणि मांडीपर्यंत चिखलात रुतलो. पाय निघेना. तेवढ्यात ओहोटी संपून पाणी फिरले. शामराव बांधावर होता. तो म्हणाला, “हलू नकोस बुधाजी, हललास की आणखी जाशील. मी आलोच.” आणि पळाला.

तो आला नाही. पाणी कमरेला आले, मग छातीला. मी हाका मारल्या. शेवटी शिवडीच्या कुशाबा भोईरांनी होडी आणली आणि काखेत दोर घालून मला उपसून काढले. घरी आल्यावर मी माधवला एकच विचारले, शामरावला कुठे पाहिलेस का. तो म्हणाला, “पाहिला ना. नाक्याकडे पळत होता. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.”

एवढे मला पुरले. पंधरा-वीस दिवसांनी शामराव आमच्या दारात आला. माधवने दार उघडले नाही. मी आत खाटेवर जागा होतो, त्याचा आवाज ओळखला आणि गप्प राहिलो. पुढे कळले की त्याने गिरणी सोडली. मला वाटले, तोंड दाखवायची लाज. त्याच्या चाळीने बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा मला वाटले, आता तर आपली गरजच नाही त्याला. संशयालाही पुरावा लागतो हे मी फिटर असून विसरलो. यंत्र बिघडले तर मी आधी उघडून बघत असे.

तीन वर्षे गेली. मार्च १९५९ मध्ये शिवडीच्या बाजारात एका कोळणीने सांगितले की कोणीतरी रबरी किड्याने चपटे धरतो. मी घरी येऊन आधी कुलूप पाहिले. साचा जागेवर होता. म्हणजे नक्कल केली. कोणी केली हे मला विचारायची गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची ओहोटी धरून मी गोदामाच्या भिंतीआड उभा राहिलो.

शामरावच होता. डाव्या हाताने काठी फेकत होता. उजवा हात पोटाशी धरलेला. फेक वाकडी जायची, किडा जवळच पडायचा. दोर तुटला तेव्हा त्याने गाठ दातांनी मारली. अख्ख्या ओहोटीत त्याला एक मासा लागला नाही. मी पुढे गेलो आणि, लिहायला लाज वाटते, पहिले विचारले ते साच्याचे. त्याने किडा माझ्या हातावर ठेवला. सपातेचा रबर, ब्लेडने कापलेला. साचा नव्हताच.

मग मी हाताचे विचारले.

तो म्हणाला, “फळी आणायला गेलो होतो. वखारीतून फळी घेऊन येताना नाक्यावर पोलिसांनी अडवलं. त्या दिवशी हातात फळी असलेला माणूस दगडफेक्याच. मी सांगत होतो, खाडीत माणूस बुडतोय. लाठी कोपरावर बसली. सतरा दिवस आत होतो.” पुढे म्हणाला, “तुला माधवने सांगितलं नाही? तो तिथंच उभा होता. मी त्याला ओरडून सांगितलं, काकाकडे जा.”

मोडलेल्या हाताने रिंगवर धागा सांधता येत नाही. म्हणून त्याची गिरणी सुटली होती.

संध्याकाळी मी माधवला समोर बसवले. तो खोटे बोलला नाही. म्हणाला, “तुम्ही विचारलंत पाहिलास का, मी म्हटलं पळताना पाहिला. कुशाबाला होडी घेऊन मीच पाठवलं, काका. पण त्याच्याशी तुमचं येणं-जाणं सुटलं तर बरं, असं सगळ्यांनाच वाटत होतं.” हे ऐकून मी त्याला घराबाहेर काढणार होतो. काढले नाही. मी बुडावे अशी त्याची इच्छा नव्हती. त्याने मला अर्धे सांगितले. उरलेले अर्धे मी तीन वर्षांत विचारले नाही, आणि हा दोष माधवच्या नावावर लिहिता येत नाही.

तेव्हा पितळी साचा, गळ, शिसे, दोन्ही काठ्या आणि ओहोटीच्या वेळांची वही शामरावला द्यावी. चपटे कुठे बसतात ती जागा येथे लिहीत नाही, कारण मृत्युपत्र कोर्टात कोणीही वाचू शकतो. ती त्याला ठाऊक आहे. डाव्या हाताची फेक आता सुधारली आहे. गेल्या दिवाळीत त्याने हातभर लांबीचा धरला.

चौथी गोष्ट, ही खोली. भाडेपावती माझ्या नावाची आहे. ती शामरावच्या नावे व्हावी अशी माझी इच्छा, मालकाचे संमतिपत्र सोबत आहे. मी हे त्याला सांगितले तेव्हा त्याने विचारले, “तुमच्या मजल्यावरच्या नळाला माझ्या बायकोला हंडा लावू देतील?” मी मजल्यावर दारोदार जाऊन विचारले. दोन घरे सोडून सगळ्यांनी हो म्हटले. त्या दोघांची नावे शेजारच्या मीराबाईंना ठाऊक आहेत. खोली घ्यायची की नाही हे शामरावने ठरवावे. नको असेल तर ती माधवला जावी. मात्र त्याचा नकार त्याने स्वतः डाव्या हाताने, मीराबाईंसमोर बसून लिहिलेला असावा. टाइप केलेला किंवा माधवने आणलेला नकार धरू नये.

पाचवी गोष्ट मीराबाई सकपाळांची. शेजारच्या खोलीतून त्या दीड वर्ष मला रोज पेज आणून देतात. ह्यांना खोली हवी आहे असा माझा संशय होता. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मी ते मीराबाईंना आधी स्पष्ट सांगितले आणि मग साक्षीला याल का विचारले. त्या पदराला हात पुसून लगेच आल्या. त्या दिवसापासून पेजेला चव आली आहे.

सहावी आणि शेवटची गोष्ट. माझ्या तिरडीला पुढचा खांदा शामरावने द्यावा. तो बौद्ध आहे, भावकीला चालणार नाही असे कोणी म्हणेल. ज्याला चालणार नाही त्याने घरी बसावे. अग्नी माधवने द्यावा. तो त्याचा हक्क मी काढून घेत नाही.

हे मी शामरावला विचारले. तो म्हणाला, “हात वर जात नाही माझा, बुधाजी.” मी म्हटले, “हात कुठे मागतोय, खांदा मागतोय.” तो उठून गेला. मला वाटले, रागावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीराबाईंनी येऊन सांगितले की शामराव आमच्या जिन्यावर उभा आहे. वळणावर तिरडी अडेल का, ते वितीने मोजतो आहे.

वर लिहिले ते सर्व माझे, माझ्या अक्षरात, कोणी सांगितले म्हणून नव्हे. प्रत्येक पानाखाली सही केली आहे; मधली जागा कोरी सोडलेली नाही.

ठिकाण: मुंबई. राज्याचे नाव अजून बदलायचे आहे, पण मी महाराष्ट्र असेच लिहितो.
तारीख: १७ एप्रिल १९६०, रविवार.

सही: बुधाजी सोनू राऊळ

आम्हा दोघांच्या समोर बुधाजींनी सही केली, आणि आम्ही त्यांच्या समोर केली:

१. मीराबाई गोविंद सकपाळ, खोली वीस
२. कुशाबा दगडू भोईर, राहणार शिवडी (निशाणी डावा अंगठा)