तिसरं कडवं

१८ नोव्हेंबर
सकाळी डेव्हिडभाऊंचा फोन. म्युझिक कंपनीला माझं ‘तू ऐकलंस’ हे गाणं नव्याने पाहिजे. मोठी अरेंजमेंट, व्हायोलिन, व्हिडिओ. नवीन अल्बम नंतर बघू म्हणतात, आधी हेच. मी म्हटलं, बरं.
वरण खाली लागलं. लेकीने, अनूने, न बोलता खाल्लं.

माझा नवरा सुधीर फेब्रुवारीत गेला. त्याच्या पाच वर्षं आधीच्या आजारपणातलं हे गाणं. किडनी, मग इन्फेक्शन, आयसीयू. डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलवून घ्या म्हटलं होतं. आणि हा दुसऱ्या दिवशी डोळे उघडून म्हणाला, चष्मा कुठे आहे. दोन कडवी मी दवाखान्याच्या जिन्यात लिहिली, तिसरं घरी. तिसरंच सगळ्यांना पाठ आहे.

हाक ओठांशी येण्याआधी तू ऐकलंस
माझं माणूस मला परत दिलंस

कोणाच्या घरी कोणी बरं झालं की हेच म्हणतात. लग्नातही म्हणतात. चार अल्बम केले, पण लोकांना मी म्हणजे हे एकच गाणं. आता ते मी लिहिलं असं वाटतही नाही. स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईला स्वतःचाच आवाज ऐकताना वाटत असेल, तसं काहीतरी.

२३ नोव्हें., रवि.
चर्चमध्ये उपासना. गायले. दुसऱ्या कडव्याला हात आपोआप वर जातो. आज मी त्या हाताकडे बघत होते. बांगडी सैल झाली आहे.
बाहेर एक बाई म्हणाल्या, तुमचं धैर्य बघून आम्हाला बळ मिळतं. धैर्य वगैरे नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, चावला गेला तरी कळत नाही. तेवढंच आहे.
प्रार्थना करते. शब्द येतात. सवय आहे.

२७ नोव्हें.
आई आली चार दिवसांसाठी. आई बौद्ध. मी सुधीरशी लग्न केलं आणि चर्चमध्ये आले, त्यावर ती कधी वाद घालत नाही, कधी येऊन बसतही नाही. आल्या आल्या कपाट उघडून त्याचे स्वेटर उन्हात टाकले.
मी म्हटलं, कशाला.
‘कसर लागून राहिली.’
जेवताना विचारलं, ‘तू रडत काहून नाहीस वं?’
‘येत नाही.’
‘मग नको रडू. भात घे.’

२ डिसेंबर
लकडगंज. डेव्हिडभाऊंचा स्टुडिओ आरामशीनच्या वर. करवत बंद असेल तेवढ्यात रेकॉर्ड करायचं. मजूर जेवायला बसले की आम्ही गातो. सुधीर असताना याच्यावर खूप हसायचो. तो म्हणायचा, आपल्या अल्बमला सागवानाचा वास येतो.
भाऊ त्याचे कॉलेजपासूनचे दोस्त. पहिल्या रेकॉर्डिंगला गिटार त्यानेच वाजवली होती. आज त्या जागी कोणीतरी मुंबईहून वाजवून पाठवलेलं होतं. स्वच्छ होतं.
दोन कडवी एका टेकमध्ये. भाऊ म्हणाले, ‘परफेक्ट, वहिनी. एक सूर हलला नाही.’ हलणार कुठून.
तिसऱ्याला सुरुवात करणार तर खाली करवत सुरू. राहिलं. बरं वाटलं, त्याचं नवलही वाटलं नाही.

५ डिसें.
कुहीकडच्या एका प्रार्थनासभेचं बोलावणं. आयोजक अंकल ओळखीचे, सज्जन आहेत. फोनवर जरा अडखळले.
‘साक्ष द्या, ताई, देवाने काय केलं त्याची. पण सुधीरभाऊ आयसीयूतून घरी आले, तिथपर्यंतच. पुढचं नको. खेड्यातले लोक आहेत, विश्वासात नवीन आहेत.’
‘बरं.’
फोन स्पीकरवर होता. अनूने ऐकलं.
‘म्हणजे पप्पा गेलेच नाही असं सांगणार तू?’
‘तसं नाही. फक्त ते सांगायचं नाही.’
‘सेमच आहे ना.’
क्लासला गेली. डबा विसरून. मग मी पोचवायला गेले तर गेटवर म्हणाली, ठेव, भूक नाही.

१३ डिसें.
कुही. धान निघालेल्या शेताच्या बांधीत मांडव. पायाखाली धानाचे खुंट, त्यांच्यावर सतरंज्या. माणसं बरीच होती, बायका जास्त. साक्ष सांगितली, ठरली तेवढी. आयसीयू, डॉक्टर, चष्मा. चष्म्यावर लोक हसले, नेहमी हसतात. मग गाणं. तिसरं कडवं त्यांनीच म्हटलं, मी फक्त माइक धरला.

उतरल्यावर एक बाई नवऱ्याला धरून आली. शोभा नाव. त्याचे पाय सुजलेले, चपलेत मावत नव्हते.
‘यायच्या किडन्या गेल्या म्हणते डॉक्टर. तुमच्या मालकासारखंच हाये जी.’ मग माझ्याकडे बघत, ‘तुमचे मालक आता बरे हायेत ना, ताई?’
अंकल बाजूलाच उभे होते. मीच म्हटलं.
‘हो. बरे आहेत.’
तिने माझा हात धरला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. केसांना खोबरेल तेल होतं. तो म्हणाला, ‘बाईले बसू दे, थकल्या असतीन.’
तिने नंबर घेतला.
परत येताना गाडीत अंकलनी पुडाच्या वड्या दिल्या. खाल्ल्या. चांगल्या होत्या.

१४ डिसें.
‘हो’ म्हटलं.
आणखी काही लिहायला नाही.

१९ डिसें.
दुपारी शोभाचा फोन. नवऱ्याला नागपूरला आणलं आहे, रामदासपेठेतल्या दवाखान्यात. श्वास लागत होता.
‘डॉक्टर म्हणते मशीनवर घ्या, आजच सही करा. दीर बी म्हणते. मी सही नाही केली जी.’
‘का?’
‘तुमचे मालक उठले तसे माहे बी उठतीन. मशीनवर घेतलं म्हणजे मंग विश्वास कुठं राह्यला? तुम्ही प्रार्थना करा फक्त.’
मी विचारलं, मशीनबद्दल असं तुला कोणी सांगितलं. तर म्हणे, ‘कोणी नाही. तुमच्या गाण्यात कुठं हाये मशीन?’

नाही. गाण्यात मशीन नाही. साक्षीतही नव्हतं कधी. सुधीर आयसीयूतून घरी आला, त्यानंतर पाच वर्षं दिवसाआड डायलिसिसवर होता. हाताची शीर दोरखंडासारखी झाली होती. मी तिकडे बाहेर बाकावर बसून दोन अल्बमची गाणी लिहिली. ते कधी कोणी सांगू नको म्हटलं नव्हतं. ते मी आपणहूनच सोडून देत आले. स्टेजवर बरं दिसत नाही म्हणून असेल. किंवा गोष्ट लांबते म्हणून.

ऑटो केला.

शोभा वॉर्डच्या बाहेर जमिनीवर बसली होती, शेजारी थैली. मला बघून उठली, पाया पडायला वाकली. मी धरलं. उभ्याउभ्याच सांगितलं. बसून सांगता आलं नसतं.
‘शोभा, माझा नवरा मशीनमुळे जगला. पाच वर्षं. देवाने ऐकलं की नाही ते मला आज सांगता येत नाही. पण मशीन होतं, हे नक्की.’
‘अन् आता?’
‘आता नाहीत ते. फेब्रुवारीत गेले.’
तिने पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता, तरी पुसलं.
‘मंग त्या दिवशी सांगतलं काहून नाही?’
‘सांगू नका म्हटलं होतं.’
‘कोणी बी म्हणन. तुम्ही काहून मानलं?’
मी तिची थैली उचलली.

आत गेलो. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता. तो ऐकत होता. ऑक्सिजनची नळी नाकाशी. मग मला म्हणाला, ‘पाच वर्षं?’
‘हो.’
‘घरी येत होते?’
‘घरीच असायचे. गिटार वाजवायचे. मुलीला शाळेत सोडायचे.’
‘मंग लय झालं गा,’ बाजूला उभ्या भावाला म्हणाला. ‘पाच वर्षात पोरीचं लग्न होते.’
शोभा सही करायला गेली. जाताना माझ्याजवळून गेली, थांबली नाही.

२० डिसें.
अनूला सांगितलं. कुहीचं, कालचं, सगळं. ती रागावेल वाटलं होतं. ती माझ्या बाजूला येऊन बसली आणि फोन बघत राहिली. मग म्हणाली, ‘तू एकटी कशाला गेलीस? मला न्यायचं ना.’

२३ डिसें.
लकडगंज. तिसरं कडवं.
मजूर जेवायला बसले. हेडफोन लावले. ‘हाक ओठांशी’ आलं. ‘माझं माणूस’ आलं. पुढे नाही. रडू वगैरे काही नाही, घसा मोकळा, श्वास पुरेसा. आवाजच निघाला नाही. भाऊंनी पाणी दिलं. परत. परत तिथेच.
शेवटी ते आत आले. ‘वहिनी, त्रास नका घेऊ. जुन्या रेकॉर्डिंगमधलं तिसरं उचलून इथं बसवतो. पट्टी तीच आहे. कोणाले कळणार नाही.’
मी म्हटलं, ऐकवा.
ऐकलं. फक्त माझा आवाज, वाद्यं बंद करून. ती बाई खूश होती. खोटं बोलत नव्हती. नवरा शेजारच्या खोलीत गिटार घेऊन बसलेला, तिला खरंच परत मिळालेला. शेवटच्या ‘दिलंस’वर किंचित हसल्याचंही कळतं. मी तिला काही सांगू शकत नव्हते.

तिथल्याच एका बिलाच्या मागे दोन ओळी लिहिल्या.

दिवसाआड सुई, दिवसाआड घर
एवढं दिलंस, आणि मग घेतलंस

भाऊंनी वाचल्या. ‘हे गाणं नाही, वहिनी. रिपोर्ट आहे.’ हसले. मग हसू गेलं. म्हणाले, सुधीरला चालला असता बहुतेक. कंपनीला नाही चालणार. लोक या गाण्यात तिसऱ्या कडव्यासाठीच येतात.
‘माहीत आहे.’
‘गाऊन तर बघा.’
गायले. निघाला आवाज. चांगला नव्हता, पण निघाला. तेवढ्यात खाली करवत.

२५ डिसें.
नाताळ. चर्च भरलेलं, बाहेर खुर्च्या. पास्टरांनी नाव पुकारलं. ठरवून काही गेले नव्हते. दोन कडवी झाली आणि मी थांबले. सुधीर गेला हे या सगळ्यांना माहीत आहे, त्यांनीच तर त्याला खांदा दिला. मला वाटलं शांत होतील. झाले नाहीत. तिसरं त्यांनी सुरू केलं, मागच्या बाकांवरून. मोठ्याने, नेहमीच्या सुरात. पहिल्या बाकावर एक काका डोळे मिटून म्हणत होते. त्यांची मिसेस ऑक्टोबरमध्ये गेली.
त्यांना ते कसं म्हणता येतं, विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. केक वाटायचा होता.

२९ डिसें.
शोभाचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.
‘लावलं मशीनवर. पाचव्यांदा झालं आज.’
‘कसे आहेत?’
‘सूज उतरली. पण थंडी वाजून राहिली त्यायले, मशीनवर असले की. तुमच्या मालकाले वाजत होती?’
‘हो. पहिल्यापासून. जाड मोजे घाला आणि टोपी. ब्लँकेट दवाखान्याचं नका घेऊ, आपलं न्या.’
‘बरं.’
‘आणि पाणी रोजच मोजून द्या.’
‘ते सांगतलं सिस्टरनं.’ मग थोडं थांबून, ‘अजून काय काय होते, सांगून ठेवा मले.’
सांगितलं. बराच वेळ. वांती, पायात गोळे, चिडचिड. खोकल्याचं औषध न विचारता द्यायचं नाही. ती मधून मधून ‘हो जी’ म्हणत होती. हे सगळं मी सुधीर गेल्यापासून कोणाशी बोलले नव्हते. कोणाला कामाचं नव्हतं.
फोन ठेवल्यावर कळलं की मी अनवाणी फरशीवर उभी आहे आणि पाय गार पडलेत. हे कळलं म्हणून लिहिते.

३ जानेवारी
भाऊंचा फोन. कंपनीला संध्याकाळपर्यंत गाणं पाहिजे. दोन्ही तयार करून ठेवलंय, एकात जुनं तिसरं बसवलेलं, एकात नव्या दोन ओळी.
‘तुम्ही सांगाल ते पाठवतो. कंपनीचं मी बघतो.’ मग, ‘पण खरं सांगू? जुनंच चालेल, वहिनी.’
चारपर्यंत सांगते म्हटलं.

अनूला विचारलं. ती म्हणाली, जुनं ऐकलं की पप्पा घरी आले तो दिवस आठवतो, नवीन ऐकलं की बाकीचं सगळं. ‘मला दोन्ही नकोत. आणि दोन्ही पाहिजेत. मला नको विचारूस.’

दुपारी रामदासपेठ. शोभाने बोलावलं नव्हतं. आज त्यांचा दिवस असतो हे माहीत होतं, म्हणून गेले. अनूही आली. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाक आहे, तिघी बसलो. शोभाने थैलीतून मुरमुऱ्याचा चिवडा काढला, अनूला दिला. मला दिला नाही, पण पुडा आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला.
मग तीच म्हणाली, ‘म्हणा ना जी काही.’
‘काय म्हणू?’
‘तेच. पण हळू, आत पेशंट झोपले हायेत.’
मी अनूकडे बघितलं. ती चिवड्यातले दाणे वेचत होती.
हळू सुरू केलं, ओठातल्या ओठात. पहिलं झालं. दुसरं झालं. शोभा माझ्या तोंडाकडे बघत होती, पुढे काय येतं ते बघायला बसल्यासारखी. पर्समध्ये फोन थरथरत होता, भाऊच असणार. मी श्वास घेतला.
दार उघडलं. सिस्टर म्हणाली, झालं त्यांचं, दोघीजणी आत या, धरावं लागेल.
आम्ही उठलो. एका बाजूने शोभाने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. त्याचा दंड गार होता. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने, एकेक पायरी. अनू पुढे थैली घेऊन.
चार वाजून गेले, भाऊंना फोन करायचा राहिला.