कोल्ह्याच्या पायासाठी पाच चाप

९ जानेवारी

पाचही चाप आठव्या दिवशीही उघडेच. सकाळी सात वाजता फॉरेस्टच्या लक्ष्मय्याने फोनवर खात्री दिली. तो रोज उजाडताना ओढ्याकाठी फेरी मारतो. म्हणाला, कोल्हा येतो, चापापासून दोन हात अंतरावर थांबतो, वळून जातो. ठसे ताजे आहेत.

कोल्हा धरायची परवानगी वीस तारखेच्या दुपारपर्यंत. तोवर एका तरी कोल्ह्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बसला नाही, तर अनघा मॅडमचं इथलं काम बंद. कापसाच्या शेतांतून कोल्हे कसे राहतात, कुठून कुठे जातात, हे त्यांना बघायचंय. मी वार्ताहर, मला फक्त चापांचं कुतूहल. बातमी निकालानंतर, असं मॅडमना कबूल केलंय.

१० जाने.

टाकळीला गेलो. किसन लोहाराचा भाता सुरू होता. हे चाप मुळात फॉरेस्टच्या गोदामातले, शिकाऱ्यांकडून जप्त केलेले. केस निकाली निघाल्यावर रीतसर मॅडमना मिळाले. दातेरी होते. पाय पडला की हाडच जायचं.

किसनने केलेले बदल लिहून घेतले. दाते कानशीने साफ. जबडे पूर्ण मिटू नयेत म्हणून मध्ये करंगळीएवढी फट. कडांना रबर. आधी ट्रॅक्टरची ट्यूब लावली, ती फाटली. आता बेल्लमपल्लीच्या भंगारातून आणलेला कोळसा वाहायचा जुना पट्टा. साखळी आखूड केली, तिला म्हशीच्या दाव्याची भवरकडी, म्हणजे जनावर फिरलं तरी पीळ पडत नाही. साखळीच्या मध्यात स्कूटरची स्प्रिंग, हिसका खायला.

माझ्याकडच्या फोटोत दोन चापांवर पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने, मारलेले तीन ठिपके. कोणाची खूण, विचारलं. त्याने कानस खाली ठेवली. मग, "बाची."

म्हणजे हे दोन चाप मुळात त्याच्या बापाने घडवलेले.

११ जाने.

ओढ्यातला पाच नंबरचा चाप काढून किसनकडे आणला, तो मिटतो कसा ते पाहिलं. पाटीवर, म्हणजे पाय पडतो त्या पत्र्यावर, किलोभर तूर ठेवली, हलला नाही. दोन किलोला खटकन मिटला. म्हणजे मुंगूस, घोरपड सुटतील. ससा? जेमतेम.

किसनने स्वतःचा हात घातला. मग मॅडमनी. मग मी. दचकलो, दुखलं नाही. मनगटावर पट्टा उमटला, चहा होईपर्यंत गेला.

"तुमचा हात गप ऱ्हायते भाऊ," किसन म्हणाला. "कोल्हं झटके देईन. खरं तवाच समजन."

मॅडमनी अट त्याच्यासमोरच सांगितली. कोल्ह्याच्या पायाला इजा झाली तर पाचही चाप तुकडे करून भंगारात. किसनने मान हलवली. बापाच्या हातचं लोखंड भंगारात जाण्याचं त्याला फारसं वाईट नाही. पण त्या लोखंडाने आणखी एक पाय मोडला, तर ते त्याला सोसणार नाही.

१३ जाने.

लक्ष्मय्याबरोबर ओढ्यात. वाळूत सगळं स्पष्ट. कोल्ह्याने तीन नंबरच्या चापाभोवती पुरता फेरा मारलाय, जवळ एकदाही नाही. माती नीट, पाला नीट, काहीच दिसत नाही. मग त्याला कळतं कसं?

चापाला माणसाचा वास लागू नये म्हणून मॅडमनी केलेली यादी तपासली. हातमोजे, घातले होते. बाभळीच्या सालीत उकळणं, केलं. गोठ्यात ठेवू नये, ठेवले नव्हते. मग राहिलं काय?

१४ जाने., संक्रांत

उत्तर मिळालं. तिळगुळाला किसनकडे गेलो. भात्याजवळ नवीन ड्रिल मशीन, त्याला हळदकुंकू, समोर ऊदबत्ती. सहज विचारलं, चापांनाही केलं होतं का?

किसनच्या बायकोला, सुमनवहिनींना, माझ्या प्रश्नाचंच नवल. "नवं लोखंड बिनापूजेचं दारातून जाते काऊन?"

पाचांनाही केलं होतं. उकळून झाल्यावर, निघायच्या सकाळी. हळद, कुंकू, नारळाचं पाणी, वर दोन ऊदबत्त्या. रबराने सगळा वास धरून ठेवलेला. किसन तिथेच होता, नारळ त्यानेच फोडला. घरात प्रत्येक विळ्याला, वखराच्या प्रत्येक पासेला, म्हणजे पात्याला, करतात, त्यामुळे सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

तो खाली मान घालून बसला. वहिनी मात्र नमल्या नाहीत. "तुमच्या मॅडमनं साबन नोको म्हनलं, तेल नोको म्हनलं. कुंकू नोको असं कोनी सांगतलं? कोल्हं येऊन ऱ्हायलं तर सवाशीन समजून ओवाळलं मी."

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसल्या. त्यांच्या यादीत आता एक ओळ वाढली.

१५ जाने.

जुनं रबर काढलं, नवं बसवलं. चाप पुन्हा उकळले. वहिनींनी तोडगा काढला: या खेपेस पूजा हातोड्याची. हातोडा काही ओढ्यात जात नाही.

१७ जाने.

पहाटे तीन नंबर मिटला. आत कोल्हा नाही, सरपंचांचा लाल्या कुत्रा. लक्ष्मय्याने पोतं टाकून सोडवला. चार पावलं लंगडला, मग पळाला.

किसन दिवसभर त्या कुत्र्यामागे गावभर फिरला. लोक विचारत, काय हरवलं? हा म्हणे, काई नायी, चाल पाहून ऱ्हायलो. संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला: हाड शाबूत, कातडी शाबूत, किंचित सूज.

ती किंचित सूज किसनला सलतेय. मॅडम म्हणाल्या, एवढं चालतं. तो म्हणाला, तुमाले चालते, त्याले चालाचं हाय.

१८ जाने.

रात्रीची झोप सोडून किसनने पाचही रबरांच्या कडा गोल करून आणल्या; उकळून संध्याकाळी चाप परत ओढ्यात. सूज कडेमुळे, असं त्याचं मत. खरं असेल. कुत्रा दुसऱ्यांदा द्यायला सरपंच तयार नाहीत.

१९ जाने.

सायंकाळी सहा. पाचही चाप पुन्हा तपासून झाले. सकाळी लक्ष्मय्याचा फोन होता: रात्री वाळूत उमटलेले कोल्ह्याचे ठसे एक नंबरपासून वीतभर अंतरावर. फेरा नाही, सरळ आलेला. कशाने थांबला, कळत नाही. कोणा शेतकऱ्याच्या बॅटरीचा उजेड पडला असेल.

म्हणजे वासाचं कोडं सुटलं. पायाचं बाकी.

उद्या साडेपाचला फेरी. मॅडम, डॉक्टर, लक्ष्मय्या ओढ्यात उतरतील. मी आणि किसन बांधावर, हाक येईपर्यंत पुढे जायचं नाही. दुपारी बाराला परवानगी संपते, काही मिळो न मिळो.

निघताना किसनने मॅडमना एकच मागितलं. "कोल्हं भेटलं तं पट्टा मागून बांधा. आदी मले पाय पाहू द्या."

त्या हो म्हणाल्या.