किरीची सावली

१४ मे

१६.८ युनिट. लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि १६.८! तीनला दहा कमी असताना स्वयंपाकघरातल्या वीज मोजणाऱ्या पडद्यावरची रेघ धाडकन खाली आली. शेजारच्या फुरुयांच्या किरीच्या झाडाची सावली त्या वेळी आमच्या छपराच्या पश्चिम कोपऱ्याला लागते. एका सौर पॅनेलवर सावली पडली की त्या ओळीतली सगळी मान टाकतात — बसवणाऱ्याने अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा झाड छपराएवढं होतं. आता छपराकडे वाकून बघतं.

गेल्या वर्षी वीज कंपनीशी केलेला दहा वर्षांचा करार संपला. आता आपली वीज ते रद्दीच्या भावात घेतात आणि संध्याकाळी आपल्यालाच चढ्या भावाने विकतात. म्हणून मी ठरवलं — आपलं ऊन आपणच खायचं. फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. दहाला कपडे, अकराला भात, दुपारी एकला आंघोळ. तीननंतर एसी बंद. रात्री दुपारचाच भात.

हे म्हणाले, "अगं, भर दुपारी आंघोळ केली तर रात्री पुन्हा घाम येणार."

म्हटलं, "मग घामही दुपारीच काढून घ्या."

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून यांना तक्रारीशिवाय दुसरं काम नाही.

१७ मे

बिस्किटांचा डबा घेऊन फुरुयांच्या किनु-सानकडे गेले. ऐंशीची बाई, पाठीत वाकलेली, पण जीभ ताठ. म्हटलं, झाडाचं काहीतरी बघा.

"चिगुसा झाली त्या वर्षी तिच्या बाबांनी लावलंय हो," म्हणाली. "तिचं लग्न ठरलं की पाडायचं, त्याच लाकडाचं कपाट करून तिच्याबरोबर द्यायचं. नाइतो-सान, तुम्हाला का रीत सांगायला हवी?"

रीत मला चांगली ठाऊक आहे! माझ्याही बापाने किरी लावली होती. मी बाविसाची झाले, झाड पडलं, कपाट झालं, कपाटामागून मी या घरात आले. सरळ हिशोब. हिची चिगुसा एकोणपन्नासची आहे!

"कपाटात ती आता किमोनो ठेवणार की गुडघ्याचे पट्टे?" मी विचारलं.

चिगुसा अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने ऐकलं. ऐकावं म्हणूनच बोलले होते.

२३ मे

किरीची जांभळी फुलं पॅनेलवर चिकटलीत. यांना शिडीवर चढवून पुसून घेतली. गुडघा दुखतो म्हणाले. १९.१ — पुसल्याचा फायदा होतो. दर गुरुवारी चढवायचं.

५ जून

नगरपालिकेत जाऊन आले. खिडकीवरचा माणूस अदबीने म्हणाला, "फांदी कुंपण ओलांडून आली असेल तर कळवून कापता येते. त्यांच्या आवारातल्या खोडाला हात लावता येत नाही."

"फांदी नाही ओलांडत. सावली ओलांडते."

"सावलीसाठी आमच्याकडे अर्ज नाही, बाई."

वर वाकून नमस्कारही केला मेल्याने.

१२ जून

आज निकाल लावला. शेतकी दुकानातून तणनाशक आणलं, जाड खोडावर चालणारं. किनु-सान मंगळवारी म्हाताऱ्यांच्या केंद्रात असते, चिगुसा दुपारपर्यंत द्राक्षवाल्यांच्या सोसायटीत कामाला. घर रिकामं. यांच्या हातात गिरमिट आणि बाटली दिली. खोडात पाच भोकं, भोकांत औषध, वरून माती.

"झाड मारायचं?" हे म्हणाले.

"नाही, त्याला सर्दी झालीय!"

मान खाली घालून गेले. तासाने आले. बाटली रिकामी होती. मी स्वतः उलटी करून पाहिली.

२८ जून

सोळा दिवस झाले. बाटलीवर दहा लिहिलंय. झाडाचं एक पान पिवळं नाही, उलट पानं सुपाएवढी झालीत.

"भोकं खोल पाडलीत ना?"

"पाडली."

आमच्या गटाराकडेचं गवत मात्र पार जळालंय. ऊनच तसं आहे यंदा.

१ जुलै

रात्रभर विचार केला. सरळ बोटाने तूप निघत नाही. मुलगी उजवली की झाड पडणार, हे म्हातारीने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. मग तिची मुलगी मीच उजवते! आजवर तीन लग्नं जमवलीत मी. त्यातली दोन अजून टिकून आहेत.

४ जुलै

किनु-सानला सांगितलं, चिगुसासाठी स्थळ बघते. म्हातारीचे डोळेच भरले. "आमच्यासाठी इतकं कोण करतं हो." मला हसू आवरेना, खोकल्याचं सोंग केलं.

माहितीचा कागद करायला यांना पाठवलं. उभा जन्म लोकांचे अर्ज भरून देण्यात गेलाय, अक्षरही छापल्यासारखं. तीनला गेले ते सहाला परतले. आणलं काय? भाजलेल्या पानांचा चहा आवडतो. खरबूज आवडत नाही. एकटी असली की गुणगुणते.

"गुणगुणते हे कुठल्या रकान्यात घालू?" मी ओरडले. "उंची? पगार? आजारपणं?"

ते विचारायचं राहिलं म्हणे. उद्या पुन्हा जातो म्हणाले.

१९ जुलै

स्टेशनसमोरच्या चहाच्या दुकानात पहिली भेट. आमेमिया, अठ्ठावन्न वर्षं, बायको वारलेली, द्राक्षाचे मळे. आल्या आल्या चिगुसाला विचारलं, "दिवसभर हात वर करून घड छाटता येतील का?" बैल बघायला आला होता जणू. पण आपल्याला काय, नांगराला जुंपली की झालं.

चिगुसा बोलेना. मग मलाच माल खपवावा लागला. "दिसण्याचं सोडा," मी म्हटलं, "पण दात सगळे स्वतःचे आहेत."

ती कप खाली ठेवून हसली. नुसती हसली. मग यांनी — यांना गाडी चालवायला आणलं होतं — मान वर न करता म्हटलं, "फार झालं." मला! चारचौघांत! घरी आल्यावर दोन दिवस यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

२१ जुलै

आमेमियाचा निरोप — वय जास्त आहे. म्हातारी रडली. मी म्हटलं, "आता रडून काय? रडायची वेळ तीस वर्षांपूर्वी होती."

६ ऑगस्ट

३९.४ अंश. आमच्या या खोऱ्यात वारा येतच नाही, भोवती डोंगर, मधे आपण उकडतोय. तीनला नियमाप्रमाणे एसी बंद केला. हे म्हणाले, "आजचा दिवस राहू दे." मी वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. ते छत्री घेऊन बाहेर गेले.

पावणेचारला चिगुसाची हाक आली. "नाइतो-सान! लवकर या!" हे त्यांच्या ओसरीवर आडवे पडलेले, ओठ पांढरे. चिगुसा काखेत ओले पंचे ठेवत होती, किनु-सान उमेबोशीचं, म्हणजे खारवलेल्या आलुबुखारांचं पाणी चमच्याने पाजत होती. किरीच्या गार सावलीत. माझ्याच पॅनेलवरून चोरलेल्या सावलीत!

डॉक्टर म्हणाले, "या वयात एसी बंद करता? माणूस गेला असता."

"त्यांना सांगा झाड पाडायला," मी म्हटलं, "मी लगेच एसी लावते."

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. हाक ऐकली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी आधी पडद्यावरची रेघ बघितली, चपला मग घातल्या. स्वतःचीच शिसारी आली. पण बघितली हे खरं.

७ ऑगस्ट

१५.९.

२० ऑगस्ट

हे आता रोज तीनच्या ठोक्याला किनु-सानकडे जातात. "तिथे बरं वाटतं" म्हणे. जाईनात का! मी बजावलंय, नुसतं बसू नका, झाडाचा विषय चालू ठेवा. बरं, हे घरात नसले की पंखा, दिवा, टीव्ही सगळं बंद राहतं. संध्याकाळी चांगलं अर्धं युनिट वाचतं. महिन्याची पंधरा!

आज कपडे काढताना कुंपणापलीकडून हसण्याचा आवाज आला. कोण पाहुणा म्हणून वाकून बघितलं तर हेच. अडतीस वर्षांत या माणसाला खो-खो हसताना ऐकलं नव्हतं. कशाला हसत होते कोण जाणे. मला एकदम वाईट वाटलं. का ते कळलं नाही. मग वेळ झाली म्हणून भात काढायला गेले. गार होता.

१४ सप्टेंबर

दुसरं स्थळ. दातांच्या डॉक्टरचा भाऊ, साठीचा, थोडा बहिरा. म्हटलं बहिरा तर बहिरा, हिला तरी कुठे बोलायला येतं. पण बाईसाहेबांनी भेटायलाच नकार दिला! दारात येऊन मला म्हणाली, "आता आणखी बघू नका. माझं ठरलंय."

"काय ठरलंय? कुमारीच मरायचं?"

"तुम्ही फार कष्ट घेतलेत," ती म्हणाली, आणि खाली वाकली. एवढी वाकली की मलाही वाकावं लागलं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मग बस झालं. कागद परत आण." कागद आणून दिला. यांनी घडी घालून खिशात ठेवला. यांच्याच अक्षरातला, आपली मेहनत वाया जाते म्हणून वाईट वाटलं असेल.

१० ऑक्टोबर

जेवताना हे आपणहून म्हणाले, "चिगुसा-सानचं लग्न ठरलंय. नोव्हेंबरात झाड पाडतायत. लाकूड वाळायला कपाटवाल्याकडे जाणार."

माझी जेवायची काडी खाली पडली. "कोणाशी?"

"ओळखीतलंच आहे."

"आमेमिया! छाटणीला माणूस मिळेना तेव्हा आला ना वळणावर? मी म्हटलं होतं!"

यांनी काडी उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तुझ्यामुळेच जमलं ते."

अडतीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने मला श्रेय दिलं. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू.

११ ऑक्टोबर

अकराला तांबड्या चवळीसारख्या अझुकी घालून शुभकार्याचा लाल भात केला. संध्याकाळी नेऊन दिला. गार झाला होता पण लाल तर होता. किनु-सानने तीनदा वाकून नमस्कार केला, तोंडातून शब्द नाही. इतकी बोलणी ऐकवली मी, आणि शेवटी मुलगी उजवली ती मीच! कुठल्या तोंडाने आभार मानेल? चिगुसा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. नवरी म्हणून लाजते, एकोणपन्नासाव्या वर्षी!

२९ ऑक्टोबर

झाड गेल्यावर दिवसाला किमान सहा युनिटं वाढतील. साठवायची बॅटरी घ्यावी म्हणते. मग रात्रीही गरम भात, रात्रीही आंघोळ, उन्हाळ्यात एसी. यांना म्हटलं, "बघा, तुमचेच लाड होणार आता."

"तुझे होऊ देत," म्हणाले.

१२ नोव्हेंबर

हे न सांगता कामाला लागलेत. आपले हिवाळ्याचे कपडे काढले, पुस्तकं खोक्यांत भरली, जुने बूट टाकून दिले. घर कसं मोकळं झालं. माझा धाक अजून आहे म्हणायचा.

१८ नोव्हेंबर

सकाळी नऊला करवत सुरू झाली. दहा-वीसला झाड पडलं. अंगणात उन्हात उभी राहून बघितलं. हे ओंडके ट्रकवर चढवू लागत होते. चिगुसाने पुढे होऊन यांच्या मानेवरचा घाम पुसला, भर रस्त्यात, आणि यांनी पुसू दिला.

आत आले. जेवणाच्या टेबलावर नगरपालिकेचा घटस्फोटाचा कागद आहे. यांचा रकाना भरलेला, छापल्यासारख्या अक्षरात. शिक्का मारलेला. साक्षीदारांत पहिली — फुरुया किनु. माझी जागा कोरी आहे. तिथे पेन्सिलने बारीक गोल काढून ठेवलाय, पोस्टात अडाणी गिऱ्हाइकांना काढून द्यायचे तसा, आणि शेजारी लिहिलंय — इथे.