भाऊजींच्या गाडीची मजुरी

अहो,

भाऊजी गाडी न्यायला येतील तेव्हा मी गॅरेजवर असेन, म्हणून लिहून ठेवते. किल्ली साखरेच्या डब्यामागे आहे. क्लच प्लेटा नव्या बसवल्यात. जुन्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळून सीटवर ठेवल्यात, कारण सामान खरंच बदललं का, अशी त्यांना नेहमी शंका असते.

सामानाचे पैसे ते देतील. प्रश्न मजुरीचा आहे. काल जेवताना म्हणाले, "वहिनी, घरच्या घरी कसली मजुरी? तेवढाच तुमचा हात मोकळा झाला!" हात मोकळा करण्यात माझा सुट्टीचा अख्खा दिवस गेला, आणि नखांतलं ऑइल अजून निघालेलं नाही. याच भाऊजींनी माझी दाढ काढली तेव्हा बिल हातात ठेवून म्हणाले होते, "वहिनी, नातं घरी. दवाखाना तो दवाखाना." दाढसुद्धा घरचीच होती, पण मी तोंडात कापसाचा बोळा धरून मुकाट्याने पैसे दिले.

भाऊजींचं मला नवल नाही. फुकट मिळायचं असलं की माणसाला नातं आठवतंच. पण काल त्यांच्या विनोदावर तुम्ही हसलात. चांगले खदाखदा हसलात, आणि वर मला त्यांना भात वाढायला सांगितलंत.

बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगते तीच मजुरी मागच्या बाजूला लिहिली आहे. ती तुम्ही मागायची. जीभ रेटत नसेल तर किल्ली तशीच द्या, मी भांडणार नाही.

फक्त देताना पुन्हा हसू नका.