सातवी पट्टी

३ मे १९५९
सेव्हन्थ कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लागणारे चार सूर, समजली. एका बैठकीत. पुस्तक आणलं, अकरा पानं वाचली, मिटलं. पहिला सूर, तिसरा, पाचवा आणि सातवा. चार सूर, चार माणसं. क्लेटन मुख्य गाणं म्हणतो, हायरम खाली घुमतो, ऑर्व्हिल सगळ्यात वर आणि सातवा सूर माझा. बायकोच्या, ओपलच्या, पियानोवर पांढऱ्या पट्ट्या मोजल्या. सातवी पट्टी, झालं. दातांच्या डॉक्टरला मोजायला शिकवायला नको.
जूनमध्ये स्ट्रॉबेरीची जत्रा. यंदा आमची चौकडी अख्ख्या ओहायोत नाव काढणार.

५ मे, मंगळवार
क्लेटनच्या सलूनमध्ये तालीम. नदीच्या गाण्यात शेवटाकडे चौघांनी त्या कॉर्डवर थांबायचं असतं. नीट जुळलं की हवेत पाचवाच कुणीतरी गातोय असं ऐकू येतं. मग पुढे जायचं. आज पाचवा आला नाही. कचकच आली. ऑर्व्हिल म्हणाला, डॉक, तिथे जरा खाली येऊन बघतोस का? तीस वर्षं गातोय बिचारा, पण पुस्तक वाचलेलं नाही.

१२ मे
पुन्हा कचकच. क्लेटनला स्वतःखेरीज कुणी ऐकू येत नाही, हायरमचा उजवा कान गेलेला, म्हणजे दोष कुठे आहे याचं निदान मलाच करणं भाग. ऑर्व्हिल यायच्या आधी दोघांना सांगितलं, त्याची कवळी सैल झाली आहे, त्यामुळे वरचा सूर सरकतो. कवळी उत्तम आहे. मीच बसवली आहे. पण काहीतरी कारण द्यावं लागतं. डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर दोघांनी माना डोलावल्या.
ऑर्व्हिल आल्यावर क्लेटनने त्याला सांगितलं, यंदा तू आराम कर. तो म्हणाला, बरं. सूर द्यायची शिट्टी त्याच्याकडे असते, ती खुर्चीवर ठेवली. टोपी घातली. म्हणाला, मग बायकोला सांगतो, पहिल्या रांगेत बसायला नको.
हे शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती.

१९ मे
तीन माणसांत सेव्हन्थ होत नाही, एक सूर उरतोच. म्हणून पोस्टातला लायल आणला. सगळे दात स्वतःचे. कचकच तिथेच, तशीच.
खोलीचा दोष असावा. आरसे फार आहेत.

२० मे
मी पियानोशी बसून सातवा घोटत होतो. ओपल स्वयंपाकघरातून ओरडली, एमेट, अरे देवा, काळी दाब, काळी! दाबली. सातवीच्या अलीकडची काळी पट्टी. घर गोड झालं.
पुस्तकाचं बारावं पान उघडलं. पहिलीच ओळ: आपल्या गाण्यात सातवा सूर नेहमी अर्धी पायरी उतरवून घ्यावा. बारावं पान जॅमने अकराव्याला चिकटलं होतं. जॅम मीच सांडला होता.
जेवण गेलं नाही. म्हणजे मीटलोफ दोनदा घेतला, पण चव लागली नाही.

२१ मे, सकाळ
आज ऑर्व्हिलच्या घरी जाऊन सगळं सांगणार. पाच मिनिटांचं काम.

२१ मे, संध्याकाळ
गाडी धुवायची होती.

२६ मे
ऑर्व्हिल स्वतःच दवाखान्यात आला. म्हणाला, डॉक, लोक म्हणतात माझी कवळी सरकते, जरा बघतोस? मी पाहिली. जिथल्या तिथे होती. तरी माप घ्यायचं म्हणून तोंडात साचा भरला. चार मिनिटं त्याला एक शब्द बोलता येणार नव्हता. कबुली द्यायला याहून चांगली वेळ कुठली!
मी टोमॅटोच्या रोपांबद्दल बोललो. जाताना त्याला दोन ब्रश फुकट दिले. त्याने तीनदा आभार मानले. मला लाज वाटली.

२ जून
कबूल केलं. म्हणजे जवळजवळ. क्लेटन आणि हायरमला म्हणालो, झालं गेलं विसरू, लायलऐवजी ऑर्व्हिलला परत घेऊ, कवळी मी आता ठीक केली आहे. हायरमचे डोळे भरून आले. म्हणाला, मन मोठं आहे रे तुझं. क्लेटनने तिथल्या तिथे माझी दाढी केली. गळ्यावर वस्तरा असताना खरं बोलणं शहाणपणाचं नव्हतं.
आता निदान काळी पट्टी पक्की करणार. रोज शंभरदा.

१३ जून, जत्रा
ऑर्व्हिलची बायको व्हर्ना पहिल्या रांगेत, नवी हॅट घालून. गाणं छान चाललं होतं. ती कॉर्ड आली आणि तेवढ्यात डोक्यात आलं: मी आता बरोबर गायलो की कचकच जाणार, आणि सगळे म्हणणार, बघा, कवळीचाच दोष होता. चुकीचं गायलो तर बोल पुन्हा ऑर्व्हिललाच. म्हणून मी तोंड उघडलं आणि आवाजच काढला नाही. मोठा त्याग केला, असं तेव्हा वाटलं. टाळ्या भरपूर पडल्या.
नंतर स्ट्रॉबेरी-पायच्या टेबलाशी ऑर्व्हिल शेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, तिथे आम्ही थांबलो होतो रे तुझ्यासाठी. दम संपेपर्यंत थांबलो. पांढरीवर गायला असतास तरी चाललं असतं, डॉक.
पांढरीवर. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं.
आत्ता सांगायचं, असं ठरवलं. तोंड उघडलं. म्हणालो, घसा बसला होता.
त्याने खिशातून घशाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.
लिंबाची आहे. नुसती साखर. दातांना फार वाईट. अजून चघळतोय.