चौदा पायऱ्यांचा नकाशा

फिलाडेल्फिया
६ फेब्रुवारी १९९४

ती. अल्बर्थाताईस,
धाकट्या कूटाचा शि. सा. न.

पत्रास कारण, घराचं ठरलं. डिसेंबरात नोकरी संपली, बसचं स्टिअरिंग शेवटचं हातातून सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी घरांच्या नकाशांचं जाड पुस्तक मागवलं. एकशे बारा पानं आहेत. रोज न्याहारीला घेऊन बसतो. काल सत्तेचाळीस नंबरावर बोट ठेवलं ते काही हललं नाही.

दक्षिण किनाऱ्यावरचं जुन्या पद्धतीचं घर म्हणतात त्याला. पत्र्याचं उतरतं छप्पर, तिन्ही बाजूंनी रुंद ओसरी, माणसाएवढ्या खिडक्या, समोरून वारा आला की मागून बाहेर. ओडेसाने मासिकातून कापून फ्रीजवर चिकटवलेलं चित्र तुला आठवत असेल. अगदी तेच घर. एकोणीस वर्षं ते चित्र तिथे आहे. ती जाऊन दोन वर्षं झाली तरी मी काढलेलं नाही. ओसरीत बसून पाणी बघत म्हातारं व्हायचं, एवढंच तिचं नवऱ्याकडे मागणं होतं.

जागा खाडीकडची, बाबांनी माझ्या नावाची ठेवलेली. तिथे भरतीचं पाणी चढतं म्हणून पुराच्या ऑफिसने घराची जमीन नऊ फूट उंच हवी असं कळवलंय. म्हणजे खाली खांब आणि पुढे चौदा पायऱ्या. मोटारसुद्धा घराच्या पोटात उभी राहील. बांधणार आपला आयझम सुतार, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.

ताई, मी अडतीस वर्षांनी परत येतोय ते घरासाठी नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. रोज संध्याकाळी तू आणि मी ओसरीत बसायचं, शेंगा सोलायच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. तुझं मत कळव. बांधकामाचा पूर्ण नकाशा महिनाअखेरपर्यंत मागवायचा विचार आहे.

तुझा जीव माझ्यावर आहे तेवढाच या घरावरही जडो.
तुझा,
कूटा


सेंट लूक बेट, साउथ कॅरोलिना
१७ फेब्रुवारी १९९४

चि. कूटा यास,
अल्बर्थाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र आणि नकाशा पोचला. तू चालायला इतका उशीर लावलास की आईने तुझं सीफस नाव बाजूला ठेवून कासवावरून कूटा म्हणायला घेतलं. पण कासव आपलं घर नऊ फूट उंच टांगून ठेवतं हे मी या वयात पहिल्यांदा ऐकलं.

मत विचारलंस म्हणून सांगते. एक तर स्वयंपाकघराला अंगणाकडे खिडकीच नाही. चुलीपाशी उभं राहून कोण आलं कोण गेलं हे दिसत नसेल तर बाईमाणसाने तिथे करायचं काय? ओसरीचं छत पुस्तकात पांढरं दाखवलंय. पांढऱ्या छताखाली भुतं आरामात येऊन बसतात, आपल्याकडे ते निळंच रंगवतात हे त्या नकाशावाल्याला कुणी शिकवलं नाही. आणि घराचं तोंड खाडीकडे, पाठ माझ्या दाराकडे. बाबांच्या वेळेपासून आपल्या आवारातली सगळी दारं एकमेकांसमोर आहेत. भांडण झालं तरी समोरासमोर झालं.

वादळात ते घर हलेल. वाणसामान वर कोण नेणार? बटाट्याची पिशवी आपोआप जिना चढत नाही. पाऊस लागला की पायऱ्या निसरड्या होतात ते वेगळंच.

बाकी घर तुझं, मर्जी तुझी. मी येईन तेव्हा खालून हाक मारीन, तू वरून ओ दे.

इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. नवे पाद्री फार लांबण लावतात असं ऐकते. आयझमने परवा बादलीभर कोळंबी आणून दिली, लाल भात केला होता, निम्मा त्याच्याच पोटात गेला. तुझं जेवण कसं चाललंय ते मात्र तू लिहिलं नाहीस. डब्यातलं खात असशील.

आठवण ठेवतोस तशीच ठेव.
अल्बर्थाताई


फिलाडेल्फिया
१ मार्च १९९४

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. छत निळं होईल. स्वयंपाकघराला खिडकी पाडता येते, आयझमला विचारलं. ओसरी तिन्ही बाजूंनी असल्यामुळे एक बाजू तुझ्याकडे येतेच. आणि पायऱ्या चौदा आहेत ताई, चौदाशे नाहीत.

पण तुझ्या दीड पानात एक शब्दही चांगला सापडला नाही. मी येतोय म्हणून बरं वाटलं असंही तू लिहिलेलं नाहीस. मी सरळच विचारतो, कारण फोनवर विचारलं असतं तर तू हवापाण्यावर गेली असतीस. मी यायला नको आहे का? मी छप्पन साली गेलो तेव्हा आई-बाबांना तुझ्या गळ्यात टाकून गेलो. तू खेकड्यांच्या कारखान्यात राबून दोघांचं केलंस, मी मनिऑर्डर केली आणि सुटलो. तो राग असेल तर तसं लिही. मी ऐकून घेईन, वाद घालणार नाही. पण खिडकीचं आणि बटाट्याचं निमित्त करू नकोस.

नकाशा अजून मागवलेला नाही. पण तो ओडेसाचा आहे, एवढं लक्षात ठेव. तिला पाणी दाखवायचं मी कबूल केलं होतं आणि ते तिच्या हयातीत जमलं नाही.

रागावलेला असलो तरी तुझाच,
कूटा


सेंट लूक बेट
९ मार्च १९९४

चि. कूटा,
आशीर्वाद.

राग नाही. असता तर अडतीस वर्षं दर नोव्हेंबरात रताळ्यांचं खोकं पाठवलं नसतं. टपाल किती महाग झालंय ते बघ.

ओडेसाने निवडलंय ना, मग तेच बांध. मी नकाशाबद्दल यापुढे बोलणार नाही. तू ये.

अल्बर्थाताई


सेंट लूक बेट
१४ मार्च १९९४

सीफसभाऊंना,
आयझमचा नमस्कार.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. शाळेत तुमच्या शेजारी बसून तुमचंच बघून लिहीत होतो. पण तुमच्या ताईंना न सांगता हे लिहितोय, तेव्हा वाचून झालं की फाडून टाका. त्यांना कळलं तर या बेटावर मला जेवायला जागा उरणार नाही.

मागच्या आठवड्यात मी खाडीकडच्या जागेत खुंट्या ठोकत होतो. अल्बर्थाताई काठी टेकत आल्या आणि पायऱ्या किती म्हणून विचारलं. मी चौदा म्हणालो. त्यांनी काठीचं टोक उचललं आणि मोकळ्या हवेत एकेक पायरी मोजत वर नेलं. चौदाव्या पायरीपर्यंत काठी पोचेना. मग काठी खाली टेकून घरी गेल्या.

तुम्हाला त्यांनी कळवलं नसेल हे मला माहीत आहे, म्हणून मी कळवतो. ऑक्टोबरात त्या चर्चच्या पायऱ्यांवर पडल्या. आपल्या देवळाला सात पायऱ्या आहेत. तेव्हापासून त्या देवळात आलेल्या नाहीत. आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून वर नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, मला उचलून देवळात नेण्याचा एक दिवस येणारच आहे आणि मला त्याची घाई नाही. दोन्ही गुडघे गेलेत असं डॉक्टर म्हणाले. एकतीस वर्षं कारखान्याच्या ओल्या फरशीवर उभ्या होत्या, दुसरं काय होणार? कठडा धरून दोन-तीन पायऱ्या चढतात. त्याच्या वर नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. ताईंच्या दारासमोर रताळ्यांचा वाफा आहे ना, तुमच्या बाबांचं जुनं घर होतं ती जागा, ती उंचवट्यावर आहे. एकोणसाठच्या वादळातही तिथे पाणी आलं नव्हतं. मी ऑफिसात जाऊन विचारलं. तिथे दोन फूट उंची पुरते. सत्तेचाळीस नंबर तिथे बसतो, मी दोरी धरून पाहिलंय. पायऱ्या तीन होतील. मात्र तिथून खाडी दिसत नाही, मध्ये मोठा ओक आहे.

हे मी ताईंना बोललो. त्या म्हणाल्या, गेलेल्या बाईने पाणी मागितलंय, ते मी माझ्या गुडघ्यांसाठी अडवणार नाही, आणि तू तोंड उघडलंस तर बघ. मी तोंड उघडलेलं नाही, पेन उघडलंय.

मर्जी राहू द्या.
आयझम


फिलाडेल्फिया
२२ मार्च १९९४

ती. अल्बर्थाताईस,
कूटाचा सा. न.

तू नकाशाबद्दल बोलणार नाहीस म्हणालीस, तेव्हा मीच बोलतो. माझा विचार बदलला आहे. कुणी काही सांगितलं वगैरे नाही, माझं मलाच सुचलं. चौतीस वर्षं ब्रेक दाबून दाबून माझेच गुडघे कुरकुरतात. चौदा पायऱ्या मला झेपणार नाहीत. शिवाय बटाट्याच्या पिशवीचं तू म्हणालीस ते खरंच आहे.

म्हणून तुझ्याकडे एक मागायचं आहे. रताळ्यांचा वाफा मला दे. बदल्यात खाडीकडची जागा तू घे. सत्तेचाळीस नंबरच बांधायचा, पण बुटका, तीन पायऱ्यांचा. नकाशावाल्यांकडे तोच नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा काढूनही मिळतो. तो घेतला की स्वयंपाकघर तुझ्या बाजूला येतं आणि खिडकी पाडायला भिंत मिळते. पुढचं दार थेट तुझ्या दारासमोर. भांडण समोरासमोर होईल. बाबांच्या जागेवर नांगर चालवलेला तुला चालतो पण घर नको, असं असेल तर नाही म्हण, मी मनाला लावून घेणार नाही. थोडं घेईन.

ओडेसाचं म्हणशील, तर आज एक गंमत झाली. गंमत म्हणजे मला रडू आलं, पण तुला लिहायला हरकत नाही. तिचं चित्र फ्रीजवरून काढलं आणि चष्मा लावून उजेडात धरलं. घर आहे, ओसरी आहे, दोन खुर्च्या आहेत, एका खुर्चीवर कुणाची तरी शाल पडली आहे. पाणी कुठेच नाही. डावीकडे कुंपण, उजवीकडे झाड, संपलं. ती फिलाडेल्फियात जन्मलेली, तिला खाडीचं काय कौतुक असणार? ओसरीत बसायचं आहे असं ती म्हणायची. पाणी मी माझं घालत गेलो, आणि ती बिचारी मान हलवत राहिली.

उलट टपाली कळव. जीव टांगणीला लागला आहे.

तुझी माया उतू जाऊ दे, मी खाली भांडं धरलंय.
कूटा


सेंट लूक बेट
१८ एप्रिल १९९४

चि. कूटा यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

उशीर झाला, कारण आधी वाफा मोकळा करायचा होता. रताळ्याचे वेल खाडीकडच्या जागेत लावायला घेतले आहेत. तिथली माती खारट आहे. यंदाची रताळी तूच खायची आणि तोंड वाकडं करायचं नाही.

तुझे गुडघे कुरकुरतात म्हणे. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही, आणि जिथे जमत नाही तिथे तू कारणं तीन देतोस. आयझमला मी समोर बसवलं आणि काही विचारलंही नाही, नुसती बघत राहिले. तो आपण होऊन सगळं बोलला. दोन दिवस त्याला कॉफी दिली नाही. तिसऱ्या दिवशी लाल भात दिला, भरपूर दिला.

देवळाचं मी तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही ही माझी चूक. तू अडतीस वर्षांनी घरी येणार, हातात बायकोचं चित्र घेऊन, आणि मी माझे गुडघे मध्ये घालू? मला ते बरं दिसलं नाही. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. समोर तुझं घर झालं असतं, त्याच्या ओसरीत तू बसला असतास आणि मी खाली उभी. त्यापेक्षा तू फिलाडेल्फियातच बरा होतास असंही एकदा मनात आलं. मग त्या विचाराची लाज वाटली म्हणून ते चार ओळींचं पत्र टाकलं. तू येतोयस याचा मला किती आनंद झालाय हे आता लिहिते, म्हणजे तुझी तक्रार नको.

आयझमचं डोकं फिरलंय. तुझा नकाशा यायचा आहे, लाकूड यायचं आहे, पाया नाही, भिंत नाही, आणि त्याने आधी पायऱ्याच करून ठेवल्या. म्हणाला, ज्यांना चढायचंय त्यांच्या मापाच्या होऊ देत, घर मागून जोडू. दोनदा उंची बदलली. दोन्ही बाजूंना कठडा आहे. रिकाम्या वाफ्यात तीन पायऱ्या उभ्या आहेत, कुठेच जात नाहीत. रस्त्याने जाणारे थांबून हसतात. हसू देत.

मी रोज संध्याकाळी चढते. पहिल्या दिवशी वेळ लागला, आता लागत नाही. वरच्या पायरीवर बसते. समोर माझं स्वयंपाकघर दिसतं. परवा गॅस चालू राहिलेला तिथूनच दिसला.

आणि एक आहे. आयझमला पाणी दिसलं नाही, कारण तो उभा राहून बघत होता. बसलं की ओकच्या दोन फांद्यांच्या मधून खाडी दिसते. फार नाही, दोन बोटं रुंद, तीही भरती असली तर. ओडेसाने मागितलं नव्हतं हे कळलं, तरी कबरीवर जाशील तेव्हा सांगून ये.

बाकी सर्व क्षेम. शेंगा मेअखेर तयार होतील. वरच्या पायरीवर दोघं मावतात, मी बाजूला सरकून बसून पाहिलं.

तुझी,
अल्बर्थाताई